फॉल्स सीलिंग: डिझाइनआधी काय तपासायचं आणि कामाचा क्रम कसा ठेवायचा

फोटो पाहून डिझाइन ठरतं, दोन दिवसांत ठेकेदार चॅनेल, म्हणजे बोर्ड धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, टाकायला येतो, आणि पंखा, एसीचा पाइप, पडद्याचा रॉड, वरच्या मजल्यावरचं बाथरूम हे सगळं बोर्ड लागल्यावर आठवतं. मग कापाकापी, पुन्हा लांबी (पुट्टी), पुन्हा रंग. खालचा क्रम फ्लॅटमधल्या जिप्सम बोर्डाच्या छतासाठी आहे. जाळीवर ओतून केलेल्या पीओपीलाही पहिले पाच टप्पे तसेच लागू पडतात. फक्त ते ओलं काम असल्याने वाळायला जास्त दिवस धरावे लागतात.

हिशोब समजावा म्हणून शेवटपर्यंत एकच हॉल धरला आहे: १६ फूट लांब, ११ फूट रुंद, फरशीपासून स्लॅब साडेनऊ फुटांवर. तुमची मापं घालून तेच गणित करा.

टप्पा १: आधी गळती

छत झाकण्यापूर्वी स्लॅब कोरडा आहे याची खात्री करायची. हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. आमच्याकडे बेडरूमच्या कोपऱ्यात जुना पिवळसर डाग होता. "वाळलाय, रंगात झाकून जाईल," असं ठेकेदार म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. पहिल्याच पावसाळ्यात नव्या पांढऱ्या छतावर चहा सांडल्यासारखा तपकिरी नकाशा उमटला. पाणी वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत होतं आणि ते शोधायला चार बाय सहाचा अख्खा बोर्ड उतरवावा लागला.

स्लॅबवर कुठे पोपडे, मिठासारखी पांढरी पूड किंवा डाग असतील तर त्यांच्याभोवती पेन्सिलने रेघ मारा, तारीख लिहा आणि पंधरा दिवसांनी पाहा. डाग रेघेबाहेर गेला असेल तर गळती चालू आहे. वर बाथरूम असेल तर वरच्या मंडळींना विनंती करून नहाणीचं तोंड बंद करून घ्या, तळाला इंचभर पाणी चोवीस तास साठवून ठेवा आणि खालून पाहा. सर्वात वरचा मजला असेल तर एक पावसाळा पाहून मगच काम काढलेलं बरं.

दुरुस्तीचा खर्च कुणाचा यावर सोसायटीत हमखास वाद होतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधून होणारी गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. संडास, मोरी, सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती संबंधित सभासदांनी. सचिवांना पत्र देताना गळती या दोनांपैकी कोणती, ते स्पष्ट लिहा.

तपासणी: स्लॅबला हात लावून गार-ओलसर लागतंय का? लागत असेल तर इथेच थांबा.

टप्पा २: उंची मोजा, तुळया शोधा

टेप घेऊन हॉलचे चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी उंची मोजा. स्लॅब क्वचितच सपाट असतो. अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक नेहमीचाच. सगळ्यात कमी माप खरं माना.

मग तुळया. हॉल आणि बाल्कनीच्या मधली तुळई बहुधा स्लॅबच्या खाली फूटभर आलेली असते. ती झाकायची म्हणून सगळं छत फूटभर खाली आणू नका. तुळई तशीच ठेवून तिच्या अलीकडे छताचा पट्टा संपवणं जास्त चांगलं दिसतं, आणि उंचीही वाचते.

किती खाली यायचं? राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, आणि एसी असलेल्या खोलीत फॉल्स सीलिंगच्या सर्वात खालच्या भागापर्यंत २.४ मीटर धरली आहे. मी स्वतः साडेआठ फुटांच्या खाली कधीच जात नाही. आठ फुटांवर छत आलं की माणूस हात वर करून टी-शर्ट घालताना दचकतो. नऊ फुटांहून कमी उंचीच्या जुन्या घरात छत करूच नये. भिंतीकडेला एखादी पट्टी आणि चांगला रंग पुरे.

टप्पा ३: आता डिझाइन, तेही कमीत कमी

फ्लॅटमध्ये खरोखर चालणारे प्रकार तीनच. एक, चारही भिंतींलगत पट्टा आणि मध्ये उघडा स्लॅब. दोन, पूर्ण सपाट छत, हवं तर एखादी खाच. तीन, एकाच बाजूला, म्हणजे टीव्हीच्या भिंतीवर किंवा कपाटावर, एक रुंद पट्टा. दहा बाय दहाच्या बेडरूमला तिसरा प्रकार सर्वात शोभतो. तीन पायऱ्या, मध्ये फूल आणि निळा दिवा हे सगळं मंगल कार्यालयात ठीक.

आपल्या हॉलसाठी पट्ट्याचं गणित असं. पूर्ण क्षेत्र १६ × ११ म्हणजे १७६ चौरस फूट. भिंतीपासून दोन फूट रुंद पट्टा घेतला तर मधली उघडी जागा १२ × ७, म्हणजे ८४ चौरस फूट उरते. पट्ट्याचं क्षेत्र ९२ चौरस फूट, आणि आतल्या कडेची लांबी ३८ रनिंग फूट. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. कोटेशन आणि दिवे दोन्हींत लागणार आहेत.

पट्टा स्लॅबपासून आठ इंच खाली घेऊ. उरली उंची आठ फूट दहा इंच. कोव्ह, म्हणजे ज्याच्या आड एलईडीची पट्टी लपते ती कड, तीन इंच उंच ठेवली तर स्लॅबपर्यंत पाच इंचांची फट राहते. ही फट चार इंचांच्या खाली कधीच जाऊ देऊ नका. हात आत जात नसेल तर धूळ निघत नाही, पट्टी बदलता येत नाही, आणि पाली मात्र मजेत राहतात. कोव्हचा तळही पाच-सहा इंच रुंद हवा, नाहीतर सोफ्यावर बसल्यावर एलईडीचे ठिपके डोळ्यांत येतात.

बाथरूम आणि मोरीत साधा जिप्सम बोर्ड लावू नका. तिथे पीव्हीसी पॅनेल किंवा दोन बाय दोनच्या सुट्या टाइल्सची चौकट बरी, आणि वरच्या मजल्याचे पाइप असतील तर दीड फूट बाय दीड फुटाचं झाकण हवंच. स्वयंपाकघरात पाइप गॅसची नळी छताआड झाकू नका. हा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वरच्या पोकळीतच साचणार. उंच इमारतीत स्प्रिंकलर असतील तर त्यांची तोंडं नव्या छताच्या पातळीवर आणून घेण्याचं काम सोसायटीच्या अग्निशमन यंत्रणेचं काम पाहणाऱ्यांकडूनच करून घ्या. ती झाकायची नाहीत, त्यांना रंगही लावायचा नाही.

टप्पा ४: छताला काय काय लटकणार?

ही यादी घरातल्या सगळ्यांना बसवून करा. एकट्याने केलेल्या यादीत हमखास काहीतरी सुटतं.

पंखा. तो स्लॅबमधल्या हुकालाच लटकणार. जिप्समच्या चॅनेलला चालता पंखा टांगणं धोक्याचं. आपल्या पट्ट्याच्या डिझाइनमध्ये पंखा मधल्या उघड्या जागेत येतो, त्यामुळे नेहमीचा रॉड चालतो. पूर्ण सपाट छत सहा इंच खाली घेतलं असतं तर पाती छतापासून फूटभर खाली ठेवायला दीड फुटाच्या आसपासचा रॉड लागला असता आणि पाती बरोबर आठ फुटांवर आली असती. रॉडसाठी बोर्डाला पाडलेलं भोक थोडं मोठं ठेवा. रॉड बोर्डाला घासला की रात्रभर कुरकुर, आणि महिनाभरात भोकाभोवती तडा.

पंखा आणि दिवे यांचं भांडण तर फार जणांच्या घरी आहे. दिवा पात्यांच्या वर किंवा अगदी कडेला आला की प्रकाश लुकलुकतो. डोकं दुखतं आणि कारण कळत नाही. चार फूट व्यासाच्या पंख्यासाठी मध्यापासून तीन फुटांच्या आत एकही दिवा नको. आपल्या हॉलमध्ये दिवे भिंतीपासून फूटभरावर येतील, म्हणजे रुंदीच्या बाजूनेही पंख्याच्या मध्यापासून साडेचार फुटांवर. ठीक आहे.

पडदे. खिडकीच्या बाजूला पट्टा भिंतीला भिडवू नका; सहा-सात इंचांची खाच सोडा, त्यात दोन पडद्यांचे चॅनेल बसतात. चॅनेल छताला लावायचं असेल तर बोर्डाच्या वर प्लायची पट्टी आधीच टाकायला सांगा. नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू पोरांनी दोनदा पडदा ओढला की चुन्यासकट हातात येतो.

एसी. तांब्याचे पाइप आणि पाण्याची नळी छताआड नेणार असाल तर नळीला बाहेरच्या दिशेने सलग उतार हवा. मध्ये पोट आलं की पाणी तिथेच साचतं आणि बोर्डावर टपकतं. बोर्ड लावण्यापूर्वी इनडोअर युनिटच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर कुठे पडतं ते बघा.

झोपाळा, पाळणा, झुंबर. यांच्या कड्या स्लॅबमधूनच खाली आल्या पाहिजेत. झोपाळ्याची कडी पट्ट्यात येत असेल तर तिथे पट्टा फिरवा, कडी हलवू नका. आणि गणपती. मखराच्या माळा, पडदे कशाला बांधणार? दरवर्षी नव्या छतात दोन स्क्रू मारणारी घरं मी पाहिली आहेत. जिथे गणपती बसतो त्या कोपऱ्यावर स्लॅबपासून दोन लहान हुक आत्ताच खाली आणून ठेवले तर काही पैसे पडत नाहीत.

तपासणी: कपाटाची आणि माळ्याची दारं पूर्ण उघडून पाहा. वरच्या कडेला पट्टा आडवा येणार का?

टप्पा ५: कोटेशन वाचायचं कसं

दर विचारला की चौरस फुटाचा सांगतात, बिल आल्यावर मात्र कोव्ह रनिंग फुटावर वेगळी, उभा पट्टा वेगळा, दिव्यांची भोकं नगावर वेगळी, असं निघतं. यात लबाडी असतेच असं नाही. पद्धतच तशी आहे. म्हणून आधी कागदावर घ्या: ९२ चौरस फूट सपाट, ३८ रनिंग फूट कोव्ह, इतकी भोकं. काही जण पट्ट्याच्या डिझाइनलाही पूर्ण १७६ फूट लावतात. मधला स्लॅब उघडा असेल तर त्याचे पैसे कशाचे, हे विचारायला लाजू नका.

मालाचं वर्णनही त्याच कागदावर. बोर्ड १२.५ मिलिमीटर जाडीचा, आयएस २०९५ चा शिक्का असलेला. चॅनेल गॅल्व्हनाइज्ड, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं. "कंपनीचा माल" एवढंच लिहिलेलं पुरत नाही, कारण बोर्ड नामांकित आणि आतलं चॅनेल पातळ असा मेळ सर्रास होतो. साइटवर सेक्शन, म्हणजे बोर्ड ज्याला स्क्रूने लागतो ते चॅनेल, दोन बोटांत दाबून पाहा. पत्रा कागदासारखा वाकत असेल तर परत पाठवा.

इशारा: लाकडी रिपांचा सांगाडा स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. दमट हवेत रिपा वाकतात, आणि वाळवीला वरून रस्ता मिळतो.

टप्पा ६: लेव्हल आणि सांगाडा

लेव्हल स्लॅबवरून मोजून घ्यायची नाही. चारही भिंतींवर डोळ्यांच्या उंचीला पाण्याच्या नळीने किंवा लेझरने एक आडवी रेघ मारायची आणि त्या रेघेपासून वर मोजायचं. स्लॅबवरून मोजलं की स्लॅबचा बाक जसाच्या तसा छतात उतरतो.

स्लॅबला भोकं पाडण्याआधी एक प्रश्न बिल्डरला किंवा सोसायटीला विचारा: स्लॅब पोस्ट-टेन्शन आहे का? असेल तर आत ताणलेल्या केबल असतात आणि त्यांचा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. साध्या स्लॅबमध्येही वीजेचे पाइप गेलेले असतात. पंख्याच्या डब्यापासून स्विचबोर्डाकडे जाणारी वाट टाळा.

क्रम असा. भिंतीला पेरिमीटर, म्हणजे कडेचं चॅनेल. मग स्लॅबपासून एल-पट्ट्या लटकवून त्यांना इंटर, म्हणजे मुख्य चॅनेल, साधारण चार-चार फुटांवर. इंटरच्या खाली आडवे सेक्शन, दीड-दीड फुटांवर. कारागीर हीच नावं वापरतात, त्यामुळे तुम्हीही हीच वापरा. एल-पट्टी स्लॅबला लोखंडी अँकरनेच धरलेली हवी. प्लास्टिकची गिट्टी भिंतीवरच्या फोटोला ठीक. डोक्यावर लटकणाऱ्या वजनाला नाही.

सेक्शनचं अंतर स्वतः टेपने मोजा. दीड फुटाऐवजी दोन फुटांवर टाकले की माल वाचतो आणि वर्षभरात मधल्या भागात बोर्डाला पोट येतं. बोर्ड लागल्यावर हे तपासायला काही मार्ग नसतो.

तपासणी: सांगाड्याला खालून हाताने हलका झोला द्या. खडखडला तर अँकर किंवा जोडाचा स्क्रू सुटा आहे.

टप्पा ७: वायरिंग, आणि मोबाइलवर फोटो

दिवे बोर्डाच्या आधी विकत घ्या. किती मिलिमीटरचं भोक पाडायचं ते खोक्यावरच छापलेलं असतं. त्याच पेटीतले दोन दिवे जास्तीचे ठेवा. दोन वर्षांनी तोच रंग मिळत नाही. हॉल-बेडरूमला ३००० केल्विनचा पिवळसर, स्वयंपाकघर आणि अभ्यासाला ४०००. एका खोलीत दोन्ही मिसळले की छत डागाळल्यासारखं दिसतं.

वायर पाइपमधून, दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची. छताआड वायरला नुसती टेप गुंडाळून जोड देऊ नका. कोव्ह, भिंतीलगतचे दिवे आणि टीव्हीकडचे दिवे यांना वेगवेगळे स्विच. एकाच स्विचवर सगळं टाकलं तर पाहुणे येईपर्यंत कोव्ह लागत नाही.

कोव्हचं गणित: ३८ फूट म्हणजे ११.६ मीटर. पट्टी पाच मीटरच्या गुंडाळीत येते, म्हणजे तीन गुंडाळ्या. १२ व्होल्टची पट्टी पाच मीटरहून लांब एकाच टोकातून चालवली तर शेवटाकडे मंद होते. प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर द्या किंवा २४ व्होल्टची घ्या. मीटरला १० वॅटची पट्टी धरली तर ११६ वॅट. ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारा डबा, ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, म्हणून दोन भाग करून प्रत्येकी किमान ७५ वॅटचे दोन. ड्रायव्हर हाताला येईल तिथे ठेवा, कोव्हमध्ये किंवा दिव्याच्या भोकाजवळ. सर्वात आधी बिघडतो तो हाच, आणि बंद छतात पुरलेला असला की कापणं आलं.

बोर्ड लावायच्या आदल्या संध्याकाळी सगळे दिवे तात्पुरते जोडून लावून बघा. मग प्रत्येक भिंतीकडून सांगाड्याचा फोटो घ्या, भिंतीला टेप धरून. पुढे कधी ड्रिल मारायचं झालं की हेच फोटो वाचवतात.

टप्पा ८: बोर्ड

बोर्ड आडवे, जमिनीपासून उचलून रचलेले हवेत. भिंतीला टेकवून ठेवलेले वाकतात. लांब बाजू सेक्शनला काटकोनात, आणि ओळीतले सांधे एकमेकांसमोर न येता विटांसारखे सरकवून. स्क्रू २५ मिलिमीटरचे, नऊ-नऊ इंचांवर. स्क्रूचं डोकं बोर्डावरच्या कागदाच्या किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. कागद फाटलेला स्क्रू काही धरत नाही. त्याच्या शेजारी दुसरा मारायला सांगा.

पट्ट्याच्या आतल्या चार कोपऱ्यांकडे उभं राहून लक्ष ठेवा. कोपऱ्याच्या रेषेतच दोन बोर्डांचा सांधा आला तर तिथून तिरकी भेग जाणार हे नक्की. तिथे एकच बोर्ड एल आकारात कापून बसवायचा. थोडा माल वाया जातो म्हणून कारागीर टाळतात, आग्रह धरा.

टप्पा ९: सांधे

जॉइंटिंग कंपाउंडचा एक हात, त्यात ओला असतानाच कागदी टेप दाबून, वर दुसरा हात, वाळल्यावर रुंद पसरलेला तिसरा. प्रत्येक हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे याला दुप्पट वेळ धरा. पंखे लावून घाईने वाळवलेला सांधा वरून कोरडा, आतून ओला राहतो. टेपशिवाय नुसती लांबी भरून दिलेले सांधे दिवाळीपर्यंत चांगले दिसतात. नंतर उघडे पडतात.

तपासणी: रात्री खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च छताला चिकटवून आडवा धरा. उंचवटे, घासण्याचे ओरखडे, बुजायचे राहिलेले स्क्रू सगळे सावलीसकट दिसतात. कोव्हचा प्रकाश असाच तिरका पडणार असल्याने ही तपासणी प्रायमरच्या आधीच करा.

टप्पा १०: रंग, मग दिवे

प्रायमर, गरज तिथे पुन्हा लांबी, एक हात रंग, मग दिव्यांची भोकं आणि दिवे, शेवटचा हात सगळ्यात शेवटी. छताला मॅट फिनिशच घ्या. चकचकीत रंगात प्रत्येक सांधा उठून दिसतो.

शेवटचा हप्ता पंखे, एसी आणि दिवे दोन-तीन दिवस सलग चालवून पाहिल्यावर द्या, आणि त्याआधी बिलातली मापं टप्पा ३ च्या वहीशी ताडून बघा.

पुढे कधी डाग पडलाच तर त्यावरून रंग मारू नका. डागाजवळचा दिवा काढून भोकातून टॉर्चने आत पाहा, पाणी कुठून येतंय ते थांबवा, आणि बोर्ड बोटाने दाबून मऊ लागला तर तेवढा चौकोन जवळच्या सेक्शनपर्यंत कापून नवा तुकडा बसवा. त्याच रंगाचा लिटरभर डबा नाव आणि नंबरसकट माळ्यावर ठेवलेला असेल तर हे काम एका रविवारचं.